अर्ध्या हाताचा पाचवा वार

३ मार्च

दादा,

आईने लावलेल्या सवयीने 'सा. न. वि. वि.' लिहायला घेतलं आणि थांबले. त्यातला नमस्कार तू गेल्या आठवड्यात घालवलास, विनंती मी करणार नाही, तेव्हा थेट विशेषावर येते. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पाकीट मात्र नक्की फोडशील. दुसऱ्याचं वाचायची हौस तुला लहानपणापासून आहे.

संघाच्या पडताळणी समितीचं पत्र मंगळवारी कारखान्याच्या पत्त्यावर आलं. मी शाळेच्या गणवेशांचं कापड कापत होते, चाळीस थरांची थप्पी, यंत्र चालू, आणि शिपाई म्हणतो, "ताई, इथे सही." सही केली आणि उभ्या उभ्या वाचलं. 'आपण कै. मास्तरांच्या परंपरेतील असल्याबद्दल समितीच्या एका सदस्यांनी लेखी आक्षेप घेतला आहे.' सदस्याचं नाव दिलेलं नाही. गरजही नाही. 'परंपरा' हा शब्द इतका तोंड भरून लिहिणारा माणूस त्या समितीत एकच आहे, आणि तो माझ्याच आईच्या पोटचा आहे.

शिक्षकांची तपासणी करायला माझी ना नाही. हल्ली चार व्हिडिओ बघून कोणीही फिलिपिनो युद्धकलेचा आचार्य होतो आणि भिंतीवर दोन काठ्यांची फुली लावतो. कोण कोणाकडे शिकलं, किती वर्षं, दाखला कोणी दिला, हे संघाने विचारायलाच हवं. पण मला? आणि विचारणारा तू?

तुझे आक्षेप तुलाच वाचून दाखवते, म्हणजे ऐकायला कसे लागतात ते कळेल. माझ्या दाखल्यावरची मास्तरांची सही तुझ्या दाखल्यावरच्या सहीशी जुळत नाही, म्हणजे ती बनावट. बारा वारांतला पाचवा, पोटात सरळ खुपसायचा, त्याला हात पूर्ण लांब झाला पाहिजे. मी आणि माझे विद्यार्थी तो अर्ध्या हाताने मारतो, 'जे कै. मास्तरांनी कधीही शिकवलेले नाही'. आणि यावर कडी म्हणजे, 'सदर भगिनी वर्गात प्रामुख्याने साफसफाईसाठी येत असत.'

सदर भगिनी! दादा, लिहिताना जीभ नसते म्हणून बरं, नाहीतर चावली गेली असती.

झाडायचे मी, हो. तू पाच वर्षं शिकलास, ती पाचही वर्षं ती फरशी मी झाडली, कारण तुझ्या तळपायाला खडा टोचला की तू घरी येऊन दिवसभर कुरकुरायचास. पण झाडून झाल्यावर मी काठी घ्यायचे, हे लिहायला विसरलास. आणि दाखला खिशात घालून तू मोठ्या शहरात गेलास, त्यानंतर मास्तर जाईपर्यंत तेरा वर्षं त्यांच्यासमोर कोण उभं होतं? तेरा वर्षांत तू दोनदा आलास. एकदा ते आजारी असताना फळं घेऊन, एकदा तुझ्या अकादमीच्या उद्घाटनाचं निमंत्रण घेऊन.

पाचव्या वाराचं म्हणशील तर मास्तरांनी तो पुढे बदलला. हात अर्धा, पाऊल दीड. हा आतला धडा आहे. राहिले त्यांना मिळाला, गेले त्यांना नाही मिळाला.

बैठक चौदा एप्रिलला आहे. माझं नाव गळालं तर नुसतं माझं जाणार नाही, मी दिलेल्या सगळ्या श्रेणी रद्द होणार. एकोणीस माणसं आहेत. त्यांतल्या बसकंडक्टर बाई चौपन्न वर्षांच्या, दिवसभर बसमध्ये उभ्या राहून संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या आपल्या वर्गाच्या बावीस दगडी पायऱ्या चढून येतात. सात वर्षं घासून तिसरी श्रेणी मिळवली आहे आणि जूनमध्ये शिकवायच्या परवान्याला बसणार आहेत. त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?

आक्षेप मागे घे.

तुझी,
नाइलाजाने बहीण

१६ मार्च

दादा,

उत्तर मिळालं. अकादमीच्या छापील कागदावर, टाइप केलेलं, खाली शिक्का. सख्ख्या बहिणीला शिक्का मारून पत्र पाठवणारा तूच. वहिनीशी बोलतानाही जावक क्रमांक घालतोस का?

सोबतचा वंशवृक्ष पाहिला. वर बेटावरचे मिशीवाले महागुरू, खाली उतरत उतरत सातवे मास्तर, मग तू, आणि तुझ्याखाली तुझे चाळीस चेले. माझी फांदीच नाही. चित्र छान आहे, पानं फारच हिरवी आहेत.

आता माझ्याकडून ऐक. मास्तर जहाजावर फिटर होते. त्यांना काठी शिकवली ती जहाजावरच्या फिलिपिनो खानसाम्याने, इंजिनखोलीच्या बाहेर, फरशी पुसायचे दांडे घेऊन. खानसाम्याला कोणी शिकवलं? मास्तरांनी तीनदा विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. एकदा मामा, एकदा गावचा न्हावी, एकदा 'बघून बघून'. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, पोट धरून हसत. तुला नाही सांगितलं, कारण तू डोळे मोठे करून विचारायचास, "मास्तर, आपण कितव्या पिढीतले?" ते म्हणायचे, "सातव्या." सात हा त्यांचा ठरलेला आकडा होता. काकूंनी जेवायला हाक मारली तरी 'सात मिनिटांत आलो' म्हणायचे.

म्हणून काही विद्या खोटी होत नाही. खानसाम्याचा हात खरा होता, मास्तरांचा खरा होता, तुझाही खरा आहे, हे मी शत्रू असूनही म्हणते. पण स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे बंद कर. समितीपुढे मी त्या खानसाम्याला उभा केला तर तुझ्या हिरव्या पानांचं काय होईल, बघ.

माझ्या वर्गाला शिस्त नाही असंही लिहिलं आहेस. गेल्या वर्षी एका टॅक्सीवाल्याने मी 'थांब' म्हटल्यावर समोरच्याच्या मनगटावर एक काठी हाणली. चांगला हात होता त्याचा, चार वर्षं येत होता. त्याच दिवशी बाहेर काढला. मास्तरांचा नियम, संघाच्या घटनेच्या पहिल्या पानावर तूच आग्रहाने घालून घेतलास: 'थांब'नंतर जो मारेल त्याचं नाव कायमचं खोडावं. टॅक्सीवाला जिन्यात बसून रडला. म्हणाला, "ताई, हात निघून गेला, मनात नव्हतं." मी म्हटलं, "हात मनातनंच निघतो," आणि दार लावून घेतलं. यापेक्षा जास्त शिस्त तुझ्या अकादमीत असेल तर कळव.

राहिला तुझा प्रश्न. मास्तरांनी पाचवा वार नेमका कोणत्या वर्षी बदलला आणि का. वर्ष मला आठवत नाही. माणूस वयाप्रमाणे बदलतो. तू नाही का केस रंगवायला लागलास?

बहीण

२९ मार्च

दादा,

काकूंकडे गेलास. मला न कळवता, फाइल घेऊन. मास्तर गेले तेव्हा तुला सुट्टी मिळाली नव्हती. सहा वर्षांनी मिळाली वाटतं.

काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, "तुझा दादा येऊन गेला. चहा नको म्हणाला, कागद घेऊन गेला." त्यांच्या आवाजावरून मला कळेना की त्या रागावल्या आहेत की दमल्या आहेत.

तुझं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं. यावेळी हाताने लिहिलेलं. शेवटच्या अकरा वर्षांतल्या मास्तरांच्या सगळ्या याद्या, चिठ्ठ्या डाव्या हाताच्या आहेत, त्यामुळे माझ्या दाखल्यावरची सही खरी असू शकेल, असं तू लिहितोस. असू शकेल! केवढं मोठं मन. आणि मग पुढचं. कोपर मोडलं तेव्हाचा डॉक्टरांचा कागद तुला सापडला, त्यावर 'काठीसारख्या कठीण वस्तूचा सरळ मार' असं आहे. 'मास्तर जिन्यावरून पडले असं सगळ्यांना सांगितलं होतं. काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, तिला विचार. म्हणून विचारतो आहे.'

विचारलंस, मी वाचलं. जिन्याला कठडा असतो आणि कठडा काठीसारखाच असतो. तू पोलिसात जायला हवं होतंस, काठी तिथेही मिळाली असती. काकूंकडे पुन्हा जाऊ नकोस. ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना याद्या आणि चिठ्ठ्या दाखवून काय मिळवतोस?

परवा वर्गात कंडक्टर बाई टायरच्या खांबावर पाचवा वार घालत होत्या. मध्येच थांबल्या. "ताई, माझा हात पूर्ण जातोय, मग मी तो अडवते कशाला? नेम तर लांबूनच चांगला लागतोय." मी त्यांच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर. म्हटलं, सात वर्षांत एवढंही कळलं नाही तर परवान्याचं नाव काढू नका. त्या बिचाऱ्या "चुकलं" म्हणाल्या आणि पुन्हा अर्ध्या हाताने मारायला लागल्या. चुकलं काहीच नव्हतं.

हे तुला का लिहिलं कोण जाणे. खोडत नाही, कारण कागद एकच उरला आहे.

बैठकीत भेटूच.

११ एप्रिल

दादा,

समितीला आज सकाळी दोन पानं पाठवली. नक्कल सोबत आहे, पण ती दफ्तरी भाषेत आहे. तुला आपल्या भाषेत सांगते. मध्ये तोडू नकोस. पत्रात तोडता येत नाही, हेच पत्राचं बरं असतं.

तू गेल्यावर दोन वर्षांनी, एका रविवारी सकाळी, वर्गात मी आणि मास्तर दोघंच होतो. सावकाश काठ्या चालल्या होत्या, बोलत बोलत. ते म्हणाले, "वर्ग पुढे दादाच्या नावावर करतोय. तसं लिहून ठेवलंय."

मी म्हटलं, "तो येणार नाही, मास्तर."

"येईल. तोवर तू सांभाळ. आहेसच की तू. झाडलोट, नव्या पोरांना पहिले चार वार."

मी एक वार जोरात घातला. त्यांनी तो सहज अडवला आणि म्हणाले, "थांब." काठी खाली घेतली, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

मी थांबले नाही.

हात निघून गेला नाही, दादा. मी बघून मारलं. काठी कापडावर बसली की एक आवाज येतो आणि हाडावर बसली की दुसरा, तुला माहीत आहे. ते भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य, "दार लावून घे." दुसरं, "मी जिन्यावरून पडलो." काकूंना त्यांनी तेच सांगितलं, डॉक्टरांना तेच, फळं घेऊन आलास तेव्हा तुलाही तेच. काकूंनी विश्वास ठेवला नव्हता, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. इतकी वर्षं त्या मला जेवायला वाढत राहिल्या.

दोन महिन्यांनी त्यांनी वर्ग पुन्हा सुरू केला. कोपर सरळ होत नव्हतं, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं. लिहायला डावा हात घेतला. पाचवा वार अर्धाच जायचा म्हणून पाऊल मोठं टाकायला लागले. मी समोर उभी राहून तोच उचलला. माझा हात चांगला पूर्ण जात होता, पण त्यांच्यासमोर तो लांब करायची माझी छाती होईना. मग नवे विद्यार्थी आले आणि त्यांनी विचारलं, असं का? मी म्हटलं, हा आतला धडा आहे. मास्तर कोपऱ्यात काठीला टेप गुंडाळत बसले होते. त्यांनी ऐकलं आणि टेप गुंडाळत राहिले. इतकी वर्षं मी माणसांना एक मोडलेलं कोपर शिकवते आहे आणि त्याला गुपित म्हणते आहे.

त्यानंतर नवव्या वर्षी त्यांनी दाखला दिला. डाव्या हाताने, एकेक अक्षर रेखत, जीभ दातांत धरून. मी का म्हणून विचारलं नाही. माफ केलंत का, हेही विचारलं नाही. एवढंच सांगते की, कोपर मोडल्यापासून माझ्याशी खेळताना 'थांब' म्हटलं की ते आधी दोन पावलं मागे सरायचे आणि मग काठी खाली घ्यायचे. बाकी कोणाशी खेळताना नाही. फक्त माझ्याशी. अकरा वर्षं मी ती दोन पावलं पाहिली.

आता हिशेब सरळ आहे. मी खोटी ठरले तर माझी श्रेणी जाते आणि त्या एकोणीस जणांचीही. खरी ठरायचं तर सही डावी का आणि वार अर्धा का, हे सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की पहिल्या पानावरचा नियम मलाच लागतो. इकडे आड, तिकडे विहीर. मी सचिवांना फोन करून विचारलं, शिक्षकाचं नाव नंतर खोडलं गेलं तर त्याने आधी दिलेल्या श्रेणींचं काय? ते म्हणाले, "त्या राहतात. दाखलाच खोटा असेल तर मात्र जातात." मी विहीर निवडली.

काल वर्गाला सांगितलं. कंडक्टर बाई म्हणाल्या, "म्हणजे सात वर्षं मी मास्तरांचं दुखणं शिकले." मी हो म्हटलं. "आणि त्या दिवशी मला बोललात ते?" मी म्हटलं, चुकलं. त्यांनी काठ्या पिशवीत घातल्या, माझ्याकडे न बघता जिना उतरल्या. टॅक्सीवाल्याच्या घरीही गेले होते. त्याच्या बायकोने दार उघडलं, आत निरोप दिला. तो बाहेर आला नाही. योग्यच केलं त्याने.

हे सगळं वाचून तुला माझी कीव आली तर ती तुझ्याकडेच ठेव. माझा राग गेलेला नाही. तू गेलास तरी नाव तुझंच राहिलं आणि मी राहिले तरी झाडणारीच राहिले, हे मला तेव्हाही झोंबलं आणि आजही झोंबतं. फक्त त्या रागाची किंमत तुझ्याऐवजी मास्तरांनी दिली.

२० एप्रिल

दादा,

ठरावाची प्रत आली. एकाच कागदावर, एकाखाली एक: दाखला अस्सल, अर्जदार कै. मास्तरांच्या परंपरेतील; अर्जदाराचं नाव कायमचं खोडण्यात येत आहे; आजवर दिलेल्या श्रेणी अबाधित. परंपरेत घेतलं आणि त्याच श्वासात बाहेर काढलं.

बैठकीत तू मला ओळख दाखवली नाहीस, मीही नाही. फिट्टंफाट. नाव खोडण्यासाठी हात वर करायला सांगितलं तेव्हा सगळ्यांत आधी तुझा गेला. मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण तो गेला नसता तर मी तुझं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. आई असती तर तिने दोघांच्याही कानाखाली काढली असती, तुला आधी, मोठा म्हणून.

तुझ्या सात पिढ्यांबद्दल मी तिथे एक अक्षर काढलं नाही. उपकार म्हणून नव्हे. त्या खानसाम्याने आपल्याला जे दिलं ते समितीच्या टेबलावर ठेवायच्या लायकीची मी त्या दिवशी नव्हते. तू कधीतरी स्वतःहून ते झाड खाली उतरवशील तर बघ.

आता काम. मला वर्गात उभं राहता येणार नाही. एकोणीस जण आहेत, जूनमध्ये चौघांची परीक्षा आहे, आणि मास्तरांच्या हाताचा, संघाच्या यादीत असलेला शिक्षक आता एकच उरला आहे. मी कोणाकोणाची नावं मनात घोळवली ते सांगत नाही. शेवटी तुझंच नाव येतं. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

दर रविवारी सकाळी ये. चार तासांचा प्रवास आहे, झेपेल. किल्ली खाली टायरवाल्याकडे आहे. खिडकीजवळच्या खांबावरचं टायर सैल झालंय, दोरी आवळून घे. फरशी तुझी तूच झाड. नव्या काठ्या आचेवरून फिरवून ठेवल्या आहेत, टोकांना टेप लावायची राहिली आहे. कंडक्टर बाई परवा येऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. "शिकवणार कोण ते सांगा, मी पहिल्यापासून पाचवा शिकते," एवढंच म्हणाल्या. त्यांना पूर्ण हात शिकव. त्यांचा उजवा खांदा संध्याकाळी दुखतो, पहिली दहा मिनिटं डाव्याने घे. त्या बोलणार नाहीत, तुलाच ओळखावं लागेल.

मी येणार नाही. जिन्याखालीही उभी राहणार नाही, ती भीती बाळगू नकोस.

आणि 'थांब' म्हटल्यावर काठी लगेच खाली घेत जाऊ नकोस. आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघ. कितीही जुना विद्यार्थी असो, कितीही घरचा असो, बघ. त्या रविवारी मास्तरांनी बघितलं नाही. त्यांना वाटलं, समोर मीच तर आहे.